मॅडमचा देव

साताऱ्याच्या बाईला कुणी ‘रानफुलं बघायला वर्ध्याला ये’ म्हणावं, म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळपाणी प्यायला बोलावण्यासारखंच झालं. माझ्या धाकट्या बहिणीचा, मंजूचा, फोन आला तेव्हा मी तिला हेच सुनावलं. तिचे यजमान सेवाग्रामला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं ती तिकडचीच झाली आहे.

‘अगं, कासचं पठार आमच्या दारात आहे,’ मी म्हटलं. ‘भाद्रपदात नुसता गालिचा असतो फुलांचा.’

‘आणि गालिच्यावर माणसांचा गालिचा,’ मंजू म्हणाली. ‘इथे एकच फूल आहे. ते बघायला ये.’

एका फुलासाठी एवढा प्रवास करणाऱ्या माणसाला आमच्याकडे सरळ वेडं म्हणतात. पण बहिणीला भेटून बरेच दिवस झाले होते, आणि नाही म्हटलं असतं तर तिने ते पुढची दहा वर्षं ऐकवलं असतं. निघाले.

आर्वीकडे

पोळा नुकताच झाला होता. रस्त्याने दिसणाऱ्या बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा होता आणि घरांच्या दारांशी पळसाच्या डहाळ्या सुकत पडल्या होत्या. आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो आषाढातच उरकतो. एकाच राज्यात बैलांनाही दोन पंचांगं, असं मी मंजूला म्हटलं. त्यावर ती म्हणाली, ‘इथले बैल उशिरा जेवतात, पण पोटभर जेवतात.’ विदर्भावर एक शब्द बोलू देत नाही ती.

दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन. मध्येच तुरीच्या ओळी. जमीन काळी, म्हणजे किती काळी, तर पावसाने भिजलेली तव्यासारखी चमकत होती. आर्वीच्या बसस्टँडवर राऊत मॅडम आमची वाट बघत उभ्या होत्या. वय पस्तिशीच्या आसपास, सलवार-कमीजवर चढवलेला पुरुषी शर्ट, डोक्यावर कापडी टोपी. तालुक्याच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात, आणि पावसाळ्यात सुटीच्या दिवशी हौशी लोकांना टेकड्यांवर घेऊन जातात. आमच्या तुकडीत आम्ही दोघी बहिणी, वर्ध्याचे रेल्वेतून निवृत्त झालेले देशकर काका, आणि मॅडमचे तीन विद्यार्थी एवढेच होतो. काळीपिवळी जीपमध्ये बसल्या बसल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला.

‘मॅडम, वाघ दिसन का?’

‘काका, आपण फुलं बघायला चाललोय ना.’

‘ते तं हायेच. पण दिसला तं दिसला.’

वाटेत मॅडमनी आम्हाला त्या एका फुलाची गोष्ट सांगितली. कंदीलफूल म्हणतात त्याला. मुठीएवढ्या कांद्यातून दर पावसाळ्यात सुतळीएवढा वेल उगवतो, त्यावर बोटाच्या पेरापेक्षा थोडं लांब, बाटलीसारखं फूल येतं. खाली फुगीर, मध्ये नळी, वर जांभळट पाकळ्या टोकाला जुळलेल्या, थेट कंदिलाचं झाकण. नळीत आत वळलेले केस असतात. चिलटाएवढी माशी वासाने आत शिरते, पण केसांमुळे बाहेर येऊ शकत नाही. रात्रभर मुक्काम करते, फूल दुसऱ्या दिवशी मलूल झालं की केस आखडतात आणि माशी अंगाला पराग लावून निघते.

‘म्हणजे वऱ्हाडी पाहुणचार,’ मंजू म्हणाली. ‘जेवून राहिल्याशिवाय सोडत नाहीत.’

पूर्वी या टेकडीवर असे वेल बरेच होते म्हणे. कांदा गोडसर, गुराखी उकरून खायचे, तरी मागे काही राहायचे. आता रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. मॅडमना दोन पावसाळ्यांपूर्वी एकच वेल सापडला, आणि त्यानंतर सगळी टेकडी पालथी घालूनही दुसरा दिसला नाही. पहिल्या वर्षी त्याला फुलं आली, शेंग धरली नाही. दुसऱ्या वर्षी बकरीने शेंडा खाल्ला.

‘मला एक शेंग पाहिजे फक्त,’ मॅडम म्हणाल्या. ‘बी हातात आलं की कॉलेजच्या मागे रोपं करता येतील. हा वेल असाच गेला, तर या टेकडीवरून त्याचा वंश गेला समजा.’

या पावसाळ्यात मात्र त्यांनी आधीच बंदोबस्त केला होता. श्रावण लागता लागता वेल उगवलेला दिसल्यावर त्यांनी भोवती दगडांचं लहानसं कडं केलं, म्हणजे कुणाचा पाय पडू नये, आणि खुणेसाठी शेजारच्या काडीला लाल फीत बांधली. पहिलं फूलही तेव्हाच बघितलं. मग कॉलेजचे प्रवेश आणि परीक्षा आल्या, आणि त्यांना तिकडे फिरकता आलं नाही. आज बऱ्याच आठवड्यांनी त्या जात होत्या. जीपमध्ये त्या सारख्या घड्याळाकडे बघत होत्या, जणू वेल त्यांची वाट बघून उठून जाणार होता.

टेकडी

टेंभरीटोला नावाच्या चारपाच आळ्यांच्या गावापाशी जीप सोडली आणि चालायला लागलो. मी कासला जाऊन जाऊन पक्की झालेली बाई, तेव्हा पुढे होऊन तरातरा निघाले. गर्वाचं घर खाली म्हणतात ते इथे अगदी शब्दशः झालं. काळ्या मातीचा पहिला पट्टा लागला आणि माझा उजवा बूट तिथेच राहिला. म्हणजे वरचा भाग माझ्या पायात आला, तळ चिखलाने ठेवून घेतला. आमची तांबडी माती निदान माणसाला घसरवून मोकळी होते. ही माती धरून ठेवते.

मॅडमनी पिशवीतून आपल्या लाल फितीचा गुंडाळा काढला आणि तळ बुटाला घट्ट बांधून दिला. वर छान फुलासारखी गाठ मारली. मंजू हसून हसून बेजार झाली. अशा थाटात मी साठीच्या उंबरठ्यावरची बाई वर्धा जिल्ह्यातल्या टेकडीवर चढले.

टेकडी दिसायला साधीच. कडे नाहीत, दऱ्या नाहीत, सह्याद्रीचा तो दरारा नाही. पण साग फुलला होता आणि सगळ्या उतारावर त्याच्या पांढुरक्या तुऱ्यांचा धूर पसरल्यासारखा वाटत होता. सालईची झाडं आपली साल सोलून उभी होती. कासला फुलं तुमच्या अंगावर येतात, इथे ती शोधावी लागतात. मॅडम मध्येच वाकायच्या आणि म्हणायच्या, ‘हे बघा.’ आणि जिथे मी नुसतं गवत बघत होते तिथे हातभर दांड्यावर पांढरी आमरी, म्हणजे रानातली ऑर्किड, उभी असायची. एका ओलसर खडकावर दवबिंदू नावाची किडे खाणारी वनस्पती होती, टिकलीपेक्षा मोठी नाही. कळलावी मात्र कुंपणावर आपणहून पेटलेली होती, ती कुणाला शोधावी लागत नव्हती. देशकर काका प्रत्येक फुलाला ‘वा’ म्हणत आणि मग मागे वळून झाडीत बघत.

वाटेवर जागोजागी दगडांचे लहान ढीग होते. मी विचारलं तेव्हा मॅडमनी सांगितलं की हे वाटेतले देव. गोंड आणि बाकीचेही लोक येताजाता तिथे एक दगड ठेवतात. दगडाला इकडे गोटा म्हणतात. कुठे कधीकाळी वाघाने माणूस मारला म्हणून, कुठे खिंड आहे म्हणून, कुठे का ते कुणालाच आठवत नाही. आमच्याकडे डोंगरावरच्या देवाला जाताना लोक दगडावर दगड रचून स्वतःसाठी घर मागतात, ते मला आठवलं. इथे निदान घर देवाला मिळतं.

एका बोराटीच्या झुडपापाशी मॅडम थांबल्या. पुढे गेल्या, मागे आल्या, पुन्हा तिथेच उभ्या राहिल्या.

‘इथेच होता,’ त्या म्हणाल्या.

तिथे गुडघ्याच्या वर येईल एवढा दगडांचा ढीग होता. ताजा. काही दगडांना हळदीचं बोट लावलेलं, एकावर नारळाच्या करवंटीचा तुकडा. आणि ढिगाच्या अगदी बुडाशी, दोन दगडांच्या फटीतून, लाल फितीचं टोक बाहेर आलं होतं.

मॅडमनी खाली बसून ते टोक हातात धरलं. आम्हाला काय झालंय ते कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात वरच्या अंगाने एक बाई उतरत आल्या. डोईवर टोपली, टोपलीत काटवलांची रानभाजी. अंगाने काटक, वय माझ्याच आसपास. मॅडमना बघून त्यांचा चेहरा उजळला.

‘मॅडम, आल्या का? देवाले आल्या?’

‘कोणता देव, कौशल्याबाई?’

‘कोणता काय? तुमचाच नं.’

या कौशल्याबाई उईके, टेंभरीटोल्याच्या. मॅडमची आणि त्यांची वाटेवरची ओळख होती. बाईंनी टोपली खाली ठेवली, ढिगाला हात जोडले आणि आम्हाला सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्यांना कुठेतरी अभिमानच वाटत होता.

‘म्या सोता पाह्यलं. नागपंचमीच्या आधीची गोष्ट होये. मी वरतून येऊन राह्यली होती, तं मॅडम अठी पालथ्या पडल्या होत्या. पुरं लोटांगण. कपाळ मातीले. किती वेळ उठल्याच नाई. उठल्या तं डोळ्यात पानी. मंग मी जवळ येऊन पाह्यलं, तं गोट्याचं रिंगन, लाल फीत. म्हनलं, एवढी शिकेल बाई लोटांगण घालते, म्हंजे जागेत काई तरी हाय.’

‘अहो, मी फोटो काढत होते!’ मॅडम जवळजवळ ओरडल्या. ‘ते फूल खाली वाकून दिसत नाही, झोपावं लागतं. ते उमललेलं बघून मला रडू आलं, एवढंच.’

कौशल्याबाईंनी मॅडमना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘झोपून फोटो काढते का कोणी?’ त्या म्हणाल्या.

खरं सांगते, मला हसू आवरेना, आणि मॅडमच्या तोंडाकडे बघून ते गिळावं लागलं. ज्या वेलावर कुणाचा पाय पडू नये म्हणून त्यांनी कडं केलं, त्या कड्यानेच त्याचा देव केला होता, आणि देवाला साऱ्या गावाने मनोभावे पुरून टाकलं होतं.

मॅडमनी वरचा दगड उचलायला हात घातला. कौशल्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं. रागाने नाही, लेकराला तव्यापासून मागे ओढावं तसं.

‘देवावरचा गोटा असा उचलत नाई, बाई. ज्यानं ठेवला त्यानंच उचलाचा.’

‘खाली वेल आहे हो. मरून जाईल तो.’

‘मंग आधी काऊन नाई सांगतलं?’

देशकर काका म्हणाले, ‘मॅडम, काढून टाका सरळ. अंधश्रद्धा आहे सगळी.’ मनातून मलाही तेच वाटत होतं. तीन तरणे विद्यार्थी सोबत होते, पाच मिनिटांचं काम. मॅडमनी ढिगाकडे बघितलं, मग कौशल्याबाईंकडे बघितलं.

‘मी आर्वीला राहते, काका,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘या वाटेने रोज या बाया जातात. वेल राहिला तर यांच्या भरवशावर राहील.’

कौशल्याबाई म्हणाल्या, गावात सांगते, उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन येते. एवढ्यात पावसाची सर आली आणि आम्ही खाली पळालो. काका आणि विद्यार्थी जीपने परत गेले. जाताना काका म्हणाले, ‘वाघ नाही तं नाही, फूलही नाही.’ मॅडम मात्र हलेनात. मग आम्ही दोघीही राहिलो. मी एका फुलासाठी राज्याच्या या टोकापासून त्या टोकाला आले होते, ते मेलं की जगलं हे न कळता मला झोप लागली नसती.

टेंभरीटोला

कौशल्याबाईंच्या घरी संध्याकाळी काटवलाची भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. काटवल म्हणजे आमचं करटुलं, पण आम्ही त्यात ओलं खोबरं घालून त्याला शहाणं करतो. इथे नुसतं तेल, कांदा, तिखट, आणि चव अशी की मी तिसरी भाकर घेतली. घरातल्या सुना आपसांत गोंडीत बोलत होत्या, आमच्याशी बोलायची वेळ आली की वऱ्हाडीत यायच्या. माझ्या बुटावरची लाल फीत दारात सगळ्यांना दिसली होती.

‘तो जोडा अंदर घ्या, बाई,’ कौशल्याबाई म्हणाल्या. ‘नाईतर सकाळी त्याच्यावरबी कोणी गोटा ठेवन.’

आता मात्र मॅडमही हसल्या. बरं वाटलं मला ते बघून.

जेवताना मी कौशल्याबाईंना विचारलं, तुम्ही त्या देवाजवळ काय मागितलं?

‘काईच नाई. मॅडम पाया पडल्या, म्हनलं आपूनबी एक गोटा देऊन ठेवावा. गावातल्या सोमाजीनं मागतलं. त्याचा पाय दुखे. नाल्यातून मोठा चपटा गोटा खांद्यावर आनला बुढ्यानं, सगळ्याईच्या आधी. म्हने, देवा, पाय बरा कर, मले गाई मांगं जाता आलं पाह्यजे.’

‘झाला का बरा?’ मंजूने विचारलं.

‘पोळ्याच्या आधी गेला तो,’ कौशल्याबाई म्हणाल्या. ‘त्याच्या मांगं कोणी नाई.’

मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हा कळलं नाही. ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पुन्हा टेकडी

सकाळी बाया आल्या, दोघे गुराखीही आले. मला वाटलं होतं की एवढ्या दगडांत कुणाला आपला ओळखू येणार? पण प्रत्येकीने आपला गोटा असा उचलला जसा आपण चपलांच्या ढिगातून आपली चप्पल उचलतो. हा शेतातला, हा विहिरीच्या खोदकामातला, हा नाल्याचा. कपाळाला लावायचा, काहीतरी पुटपुटायचं, आणि वाटेच्या पलीकडे मोहाच्या झाडाखाली नेऊन ठेवायचा. देवाला नवीन जागा कौशल्याबाईंनी रात्रीच ठरवली होती.

एक दगड कौशल्याबाईंच्या बहिणीचा निघाला. ती समुद्रपूरला लेकीकडे गेलेली. आता काय? कौशल्याबाईंनी पदराआडून मोबाइल काढला, फोन लावला, आणि भर रानात स्पीकरवर चर्चा झाली. तिकडून आधी सगळ्यांची खुशाली, मग पावसाची चौकशी, मग कुणाच्या तरी म्हशीची.

‘अवो, गोटा उचलू का तुझा?’

‘कायले?’

‘खाली मॅडमचं फूल हाय.’

मग आवाज आला, ‘उचल. पन मोहाखाली नीट ठेवजो.’

ढीग उतरत गेला. मॅडम एका बाजूला उभ्या राहून दोन्ही हातांनी टोपी पिळत होत्या. शेवटी त्यांनी स्वतः रचलेलं कडं दिसायला लागलं, आणि त्या कड्यावर, पातेल्यावर ताट झाकावं तसा, एक मोठा चपटा गोटा. सगळ्या बाया मागे सरल्या.

‘सोमाजीचा,’ कौशल्याबाई म्हणाल्या.

विचारायला कुणी उरलं नव्हतं. मालक गेला, आणि त्याने मागितलेलं देवाकडेच राहिलं, तेव्हा तो गोटा कुणीच उचलायचा नाही. कौशल्याबाई हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाजही पडला होता. मॅडम जमिनीवर पालथ्या झाल्या आणि मोबाइलचा उजेड दगडाखाली टाकून बघायला लागल्या. मागून एका बाईने सवयीने हात जोडले.

‘देठ आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘पांढरा पडलाय. पान नाही. शेंडा दिसत नाही.’

त्या उठून बसल्या. गालाला माती लागली होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मेलेल्या माणसाच्या दुखऱ्या पायासाठी जिवंत वेल जाऊ द्यायचा? एक धक्का दिला असता तर दगड बाजूला झाला असता, आणि त्या बायांनी मॅडमना अडवलंही नसतं, फक्त मान फिरवली असती. ते मॅडमनाही माहीत होतं.

‘राहू द्या,’ मॅडम म्हणाल्या. ‘त्यांचा दगड राहू द्या.’ आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागल्या. कौशल्याबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

मला ते बघवेना म्हणून मी बोराटीच्या मागच्या बाजूला गेले. आणि तिथे माझ्या बुटाची लाल फीत काट्यात अडकली. ओढली तर आणखी गुंतली. शेवटी गुडघे टेकून, वाकून, काट्यातून फीत सोडवायला लागले, आणि नाकासमोर काहीतरी हललं. आधी वाटलं सुरवंट आहे. मग दिसली हिरवट नळी, तिचं फुगीर बूड, आणि वर जांभळ्या टोकाचं इवलं झाकण.

‘मॅडम,’ मी म्हटलं, ‘कंदिलाचं झाकण जांभळट असतं ना?’

मॅडम काट्यांची पर्वा न करता आल्या. दगडाखाली अंधारात सापडलेल्या वेलाने वर जायचं सोडून दिलं होतं. तो आडवा सरपटत फटीतून मागच्या बाजूला निघाला होता आणि बोराटीच्या काट्यांत वर चढला होता, जिथे बकरी तोंड घालत नाही आणि माणूस बघत नाही. वर तीनचार फुलं होती. आणि खाली, एका पेराला, हिरव्या रंगाची, सुईसारखी निमुळती जोडशेंग, वासराला नुकती शिंगं फुटावीत तशी दोन बाजूंना वळलेली.

मॅडमनी शेंग तळहातावर धरून बघितली. त्यांनी बोटाने जमीन दाखवली. ढिगाच्या पुढचा सगळा उतार रानडुकरांनी नांगरून काढला होता. आम्ही कालपासून त्या उकरलेल्या मातीवरूनच चालत होतो आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नाकाने उलथलेली माती थेट ढिगापर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती.

‘ढीग नसता तर कांदा कधीच गेला असता,’ मॅडम म्हणाल्या. ‘माझं कडं त्यांनी एका धक्क्यात उधळलं असतं.’

‘मंग तं देवानंच राखलं,’ कौशल्याबाई म्हणाल्या.

‘तुम्ही राखलं, बाई.’

‘आमी तं पुरलं होतं,’ कौशल्याबाई म्हणाल्या, आणि मग दोघी हसत सुटल्या.

फुलाचं तोंड बघायचं तर खरंच झोपावं लागतं. मॅडमनी मला सांगितलं तसं मी पोटावर झाले. गुडघे कुरकुरले, काटे लागले, साडीची माती झाली. पण मान वळवून वर बघितलं तर त्या बाटलीच्या आत उन्हाचा हिरवा उजेड पडला होता, आणि त्या उजेडात चिलटाएवढी एक माशी येरझाऱ्या घालत होती. मुक्कामाला राहिलेली पाहुणी. किती तरी वेळ मी बघत राहिले. कासला मी लाखो फुलं बघितली असतील, पण एकाही फुलाच्या घरात डोकावले नव्हते.

उठले तर मागे बाया रांगेने उभ्या. मग एकेक जण पदर खोचून आडवी झाली आणि बघून आली. शेवटी कौशल्याबाई. त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

‘कंदीलच होये,’ उठल्यावर त्या म्हणाल्या. ‘अंदर कोणी तरी राहून राह्यलं.’

शेंग पिकायला अजून अवकाश होता. पिकली की ती फुटते, आणि प्रत्येक बियाला रेशमाचा झुपका असतो, वारा नेईल तिकडे ते जातं. मॅडमनी मलमलीची चिमुकली पिशवी शेंगेवर चढवून दोऱ्याने बांधली. रोज येताजाता नजर टाकायचं काम कौशल्याबाईंनी आपणहून घेतलं. निघताना मी वाकून एक लहान दगड उचलला. रीतच आहे म्हटल्यावर आपणही पाळावी.

‘वर नका ठेवू,’ कौशल्याबाई घाईने म्हणाल्या. ‘बाजूनं ठेवा.’

साताऱ्यात

घरी आल्यावर पहिले काही दिवस वर्ध्याहून आणलेली गोरसपाकाची बिस्किटं वाटण्यात आणि माझी फजिती सांगण्यात गेले. दसऱ्याच्या सुमारास मॅडमचा फोन आला. शेंग फुटली होती आणि बी पिशवीत अलगद सापडलं होतं. निम्मं बी कॉलेजच्या मागे कुंड्यांत गेलं. मी विचारलं, आणि निम्मं?

मॅडम जरा घुटमळल्या. ‘टेकडीवर वाटेवाटेला देव आहेत ना,’ त्या म्हणाल्या. ‘कौशल्याबाई आणि मी प्रत्येकाच्या पायाशी थोडं थोडं लावलं. तिथे डुकरं उकरत नाहीत.’

‘तुम्ही? विज्ञानाच्या बाई?’

‘गोटेही ठेवले,’ मॅडम म्हणाल्या. ‘बाजूनं.’

कौशल्याबाई शेजारीच होत्या. त्यांनी फोन घेतला, आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग मी विचारलं, सोमाजींचा दगड कुठे आहे?

‘तठीच हाय. कोणी हलवला नाई. आता वेल वाळला, कांदा त्याच्या खाली हाय.’ मग त्या म्हणाल्या, ‘बुढ्यानं पाय मागतला होता देवाले. पाय तं नाई भेटला त्याले. पन त्याचा गोटा कामी पडला, बाई. पुढच्या पावसात येजा. त्याच्याच बाजूनं निंगन पाहा वेल.’

येते म्हणाले. तो बूट अजून मोच्याकडे दिलेला नाही. ती लाल फीत सोडायला हात होत नाही.